असल दफ्तरात, नक्कल भिंतीवर

कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला नुसत्या सहीचं कौतुक नसतं. सहीखाली गोल शिक्का नसेल तर ती सही म्हणजे बाशिंगाविना नवरदेव. असेल खरा, पण मांडवात कोण घेणार?

महिपत दुर्गे हा असा माणूस होता. आदिलाबादच्या तहसील कचेरीत अटेंडर. या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेणं, तिथे तो पुरेसा मुरला की परत आणणं, आणि साहेबांची घंटा वाजली की ती कोणत्या मूडमध्ये वाजली हे ओळखून पाणी न्यायचं की फाईल, हे ठरवणं, ही त्याची नोकरी. लग्नसराईत मात्र संध्याकाळी तो लाल कोट चढवून नवयुग ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट ही ट्रंपेटची आखूड, बसकी बहीण. आदिलाबादेत दोघींनाही बाजाच म्हणतात आणि दोघींचीही त्याबद्दल तक्रार नाही.

हा बाजा तो एका उस्तादांकडून शिकला. निजामाची फौज मोडली तेव्हा फौजेचा बँडही मोडला, आणि त्यातले हे उस्ताद आदिलाबादेत सायकली दुरुस्त करत बसले. पंक्चर काढता काढता ते महिपतला सूर सांगत. ट्यूबमधून हवा कुठून गळते आणि ओठातून कुठून गळते, हा त्यांच्या लेखी एकच विषय होता.

महिपतचा मुलगा खुशाल नार्नूरला शिक्षक होता. शनिवारी घरी यायचा, रविवारी बापाशी भांडायचा आणि सोमवारच्या पहिल्या बसने परत जायचा. भांडणाचा विषय बरीच वर्षं एकच होता, त्यामुळे दोघांनाही तयारी करावी लागत नसे.

"बाबा, आपल्या लोकायनं बाजा सोडून तीस वर्स झाले," खुशाल म्हणायचा. "आजा पाटलाच्या दारात डफडं वाजवे. मांडवाच्या भाईर उभं राहून वाजवे, भाईरच बसून खाये. गावात ढोर मेलं तरी आपण, लगीन लागलं तरी आपण. बाबासाहेबांनं सांगतलं, हे सोडा. सोडलं. आन् तुमी लाल कोट घालून पुन्यांदा तेच करून राह्यले!"

"तो हुकमाचा बाजा होता," महिपत म्हणायचा. "हा माह्या मर्जीचा हाय. मी कोनाच्या मांडवात एक घास खाल्ला काय? इचार तुह्या मायले."

हे खरं होतं. महिपत वाजवायला गेला की भाकरी घरून न्यायचा. यजमान हातापाया पडले तरी तो आपल्या फडक्यातलंच खायचा, आणि तेही मांडवाच्या मधोमध बसून. यजमानांना त्याचा अर्थ कळत नसे. खुशालला कळत होता, पण पुरेसा वाटत नव्हता.

शहाऐंशी साली महिपत निवृत्त झाला आणि प्रश्न निकरावर आला. तोवर तो सरकारी नोकर होता आणि बाजा हा त्याचा छंद होता. आता नोकरी गेली, म्हणजे लोकांच्या नजरेत तो नुसताच बाजावाला उरला. वस्तीतल्या जयंती कमिटीवर खुशालचं नाव होतं. कमिटीतले लोक शिक्षक, कारकून, पोस्टातले, एलआयसीतले, आणि त्यांचं म्हणणं असं, की शिकल्यासवरल्या मुलांच्या सोयरिकी जुळत असताना वस्तीतल्या एका माणसाने वरातीपुढे गाल फुगवून चालणं बरं दिसत नाही. येत्या जयंतीपर्यंत महिपतने बाजा खाली ठेवावा, एवढा निरोप खुशालने घरी पोचवायचा होता.

महिपतकडे या सगळ्यावर एकच उत्तर होतं, आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं.

त्रेसष्ट साली कचेरीचं टपाल घेऊन महिपत हैदराबादला गेला होता. टपाल पोचतं करून तो मुक्कामाकडे निघाला, तर एका सभागृहाच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. पत्रकावर एक काळा, रुंद चेहऱ्याचा माणूस आणि त्याच्या हातात कॉर्नेट. ऑगस्टस पेल, अमेरिका. महिपतने माणूस पाहिला नाही, बाजा पाहिला. तिकीट काढून तो आत गेला. आत सगळे सुटाबुटातले होते आणि जाझ या गोष्टीला मान कधी हलवायची, हे शेजाऱ्याकडे बघून ठरवत होते. महिपतला ती अडचण आली नाही.

पुढे त्याला कोणी विचारलं, की महिपतभाऊ, हे जाझ म्हणजे असते तरी काय, तर तो सांगायचा, "नवरदेव घोड्यावर बसला. गानं वाजवून झालं. पन घोडं काही हालून नाई राह्यलं. आता गानं तर सरलं, आन् वाजवनं बंद करता येत नाई. तवा पोटातून जे काढा लागते ना, ते जाझ."

मी या विषयावरची जाड पुस्तकं चाळली आहेत. त्यांना यासाठी बरीच पानं लागतात आणि त्यांत घोडा नसतो.

कार्यक्रम संपल्यावर महिपत मागच्या दाराने आत गेला. अटेंडर माणसाला कोणत्याही इमारतीचं मागचं दार बरोबर सापडतं. पेल खुर्चीत बसून ओठांना लोणी की मलम असं काहीतरी लावत होता. महिपतला इंग्रजी येत नव्हतं. त्याने आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. तिथे बाजाच्या तोंडाने पडलेला घट्टा होता, अर्ध्या वाटोळ्या वळासारखा. पेलने वाकून पाहिलं, मग स्वतःचा ओठ दाखवला. तसाच वळ, जरा मोठा. त्यावर दोघेही असे हसले, की दारातल्या व्यवस्थापकाला आपणच काहीतरी चुकवलंय असं वाटलं. मग पेलने पत्रकाच्या पाठीवर नाही, आपल्या फोटोवरच लिहिलं: महिपतला, ज्याच्या ओठावर माझ्यासारखीच खूण आहे. नाव त्याने तीनदा विचारून घेतलं. खाली सही केली, लांबलचक, शेवटच्या अक्षराची शेपटी फोटोतल्या बाजापर्यंत नेलेली.

इथवर कोणीही केलं असतं ते महिपतने केलं. पुढचं फक्त आदिलाबादच्या कचेरीतला माणूसच करू शकतो.

गावी परतल्यावर त्याला चिंता लागली. सही तर मिळाली, पण तिला ना शिक्का, ना साक्ष. उद्या कोणी म्हणालं की ही तूच गिरमटलीस, तर? त्याने पत्रक नेऊन कचेरीतल्या पेशकारांपुढे ठेवलं. पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे, वामनराव. ते जुन्या जमान्यातले, उर्दूत विचार करणारे आणि मराठीत रागावणारे.

"शिक्का मारून द्या मालक."

"शिक्का नकलेवर मारत्यात, असलवर नाही," वामनराव म्हणाले. "नक्कल कुठंय?"

"नक्कल नाई. हेच असल हाय."

"मग तपासू कशाशी? असल एकटं असलं तर खरं की खोटं, कोण सांगणार?"

या प्रश्नाचं उत्तर, मला वाटतं, कोणाकडेच नाही. तेव्हा रीतसर अर्ज झाला, अर्जाला तिकीट लागलं आणि नकला करणाऱ्या लक्ष्मणरावांनी जाड कागदावर पत्रकाची हुबेहूब नक्कल काढली. फोटोच्या जागी चौकट आखून त्यात 'इसम, बाजासह' असं लिहिलं. मजकूर सुंदर, वळणदार इंग्रजीत. सही तर अशी, की खुद्द पेलने पाहिली असती तर पुढे तीच गिरवली असती. खाली 'नक्कल मुताबिक असल', म्हणजे नक्कल असलेशी जुळते, तारीख, साहेबांची हिरवी सही आणि चांगला ठसठशीत गोल शिक्का.

मग रिवाजाप्रमाणे असल कागद कचेरीच्या मुहाफिजखान्यात, म्हणजे जुने कागद ठेवायच्या खोलीत दाखल झाला आणि अर्जदाराला नक्कल मिळाली. महिपत खूश. असल सरकारच्या कुलपात सुखरूप, आणि शिक्क्यासकट पक्का कागद आपल्या हाती. त्याने नकलेला काच आणि चौकट करून घेतली. तेवीस वर्षं ती भिंतीवर होती आणि त्याची बायको जयवंताबाई दर बुधवारी ती पुसत होती.

"माह्या बापाचा फोटो बी मी इतक्या येळा नाई पुसला," ती म्हणायची. "आन् याच्यात तर फोटो बी नाई. इसम, बाजासह!"

खुशालने कमिटीचा निरोप आणल्यावर महिपतने नेहमीप्रमाणे भिंतीकडे बोट दाखवलं. "एवढा मोठा मानूस मले आपल्या बरोबरीचा म्हनून गेला. आन् तुमची कमिटी मले खाली बस म्हनते."

त्या दिवशी खुशालने युक्ती केली. शिक्षक होता, पेपर कसा काढायचा ते त्याला ठाऊक होतं.

"ठीक हाय बाबा. मोठा मानूस ना? मंग त्याच्या सहीची किंमत काढू. सिकंदराबादले एक साहेब हायेत, जुन्या तबकड्या आन् सह्या जमा करत्यात. पेपरात त्यायची जाहिरात होती. त्यायले बोलावतो. ते म्हनले किंमत हाय, तर मी पुन्यांदा तोंड उघडनार नाई. किंमत नसली, तर बाजा खुंटीले. कबूल?"

"कबूल," महिपत म्हणाला. शिक्क्याचा कागद होता. भीती कशाची?

खुशालला ती नक्कल आहे हे पक्कं ठाऊक होतं. खाली तसं लिहिलेलंच होतं. असल कागदाचं म्हणाल, तर आदल्याच वर्षी तहसिली मोडून त्यांची छोटी मंडलं झाली होती. दफ्तरं बैलगाड्यांतून आणि जीपमधून इकडून तिकडे गेली होती, आणि त्या गोंधळात लोकांच्या जमिनी सापडत नव्हत्या, तिथे फोटोवरची सही कोण सांभाळणार? खुशालने हिशेब बरोबर केला होता. त्याला बापाचा पराभव नको होता. बाप घरी बसायला हवा होता, आणि दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

सिकंदराबादचे साहेब आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. निर्मलला चित्र काढलेली तबकं घ्यायला जायचंच होतं, म्हणून वाट वाकडी करून आले होते. चहा झाला. चौकट भिंतीवरून उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवली गेली. त्यांनी भिंग काढलं आणि लगेच परत खिशात ठेवलं.

"ये तो नक़ल है, भाई."

"जी," महिपत अभिमानाने म्हणाला. "मुताबिक असल. शिक्का देखो आप."

"शिक्का बहुत अच्छा है," साहेब म्हणाले. सभ्य माणूस होता. "लेकिन ये पेल का हाथ नहीं है. जिसने लिखा उसका हाथ है. इसकी कीमत काँच और लकड़ी की."

 खुशाल जिंकला होता, आणि जिंकलेला माणूस जसा दिसायला हवा तसा तो मुळीच दिसत नव्हता. जयवंताबाईने चौकट उचलून पदराने पुसली, बुधवार नसताना.

"म्हंजे," महिपतने सावकाश विचारलं, "यायले असल पायजे?"

"हो बाबा."

"मंग असल हाय ना कचेरीत. मीच तर ठेवलं. तुले काऊन वाटलं का ते नाई म्हनून?"

तिघे कचेरीत गेले. महिपत निवृत्त झाला असला तरी मुहाफिजखान्याची किल्ली कोणत्या खिळ्याला असते हे नव्या माणसांनी त्यालाच विचारलं असतं. आत लाल फडक्यांची गाठोडी छतापर्यंत रचलेली होती. गावांच्या नावाची गाठोडी गावांबरोबर नव्या मंडलांना गेली होती. पण ज्या कागदाचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही, तो 'मुतफर्रिक' या गाठोड्यात जातो, आणि मुतफर्रिक गाठोडं कोणत्याच मंडलाने घेतलं नव्हतं. ते जागच्या जागी होतं. एका विहिरीच्या तंट्याच्या आणि हरवलेल्या म्हशीच्या अर्जाच्या मधोमध ऑगस्टस पेल तेवीस वर्षं हसत बसला होता. ऊन लागलं नव्हतं, हात लागला नव्हता, शाई कालची वाटत होती. फक्त फाईलची दोरी ओवायला कोणीतरी त्याच्या डाव्या कानातून भोक पाडलं होतं.

साहेबांनी तो कागद खिडकीशी नेला. या वेळी भिंग बराच वेळ बाहेर राहिलं.

"असली है," ते शेवटी म्हणाले. आणि जरा थांबून, "ये कान का छेद बुरा हुआ."

"किंमत?" खुशालने विचारलं.

साहेबांचा आवाज बदलला. आपल्या आवडीच्या विषयावर बोलायला मिळालं, की निवृत्त माणसाचा बदलतो तसा. पेल सही देण्यात कंजूष नव्हता, ते म्हणाले, म्हणून नुसती सही फारशी मोलाची नाही. कागदाच्या चिटोऱ्यापेक्षा फोटोवरची बरी. मेल्यावर भाव वाढतो, पेलला जाऊन आठ वर्षं झाली होती, तेवढं वाढलं. "लेकिन सबसे बड़ी बात ये, कि किसके नाम है. नाम न होता तो ज़्यादा मिलते."

"म्हंजे बाबाचं नाव हाय म्हनून किंमत कमी?" खुशालचा आवाज चढला. स्वतःच्या बापाला खाली बसवायला आलेला हा माणूस, पण ते दुसऱ्याने करावं हे त्याला चालेना.

"बुरा मत मानो मास्टरजी. खरीदनेवाला अपनी दीवार पे दूसरे का नाम काए को लटकाएगा? हाँ, जिसके नाम है वो खुद कोई हो, तो बात उलटी. फिर नाम का ही पैसा."

"कोई हो, मतलब? मिनिस्टर?"

"मिनिस्टर का क्या करना? पेल ने लिखा है, इसके होंठ पे मेरे जैसा निशान. ये बात सच है तो कागज़ लाख का, झूठ है तो मज़ाक का." ते महिपतकडे वळले. "आप अभी भी बजाते?"

 खुशालची पैज आता अशी झाली होती: सहीला किंमत नसेल तर बापाने बाजा सोडायचा, आणि बापाने बाजा सोडला तर सहीला किंमत नाही. तो गणिताचा शिक्षक होता. असलं गणित त्याने फळ्यावर कधी मांडलं नव्हतं.

महिपत घरी जाऊन कॉर्नेट घेऊन आला. लाल कोट घातला नाही. कचेरीच्या ओसरीत तो उभा राहिला, जिथे तीस वर्षं उभा राहिला होता तिथेच, साहेबांच्या दाराच्या डाव्या हाताला. काय वाजवावं हे त्याने विचारलं नाही. हैदराबादेत ऐकलेली एक चाल होती. ती तो तेव्हापासून जिल्ह्यातल्या वरातींत, घोडं अडलं की वाजवत आला होता. भीमपूरपासून निर्मलपर्यंत कित्येक नवरदेव त्या चालीवर अडकून पुढे सरकले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. आता तीच त्याने सुरू केली, हळू, मग वर नेली, मग मध्येच सोडून दिली, आणि ती पडते आहे असं वाटेपर्यंत थांबून खालून झेलली.

कचेरीतली टंकयंत्रं थांबली. तीही सगळी एकदम नाही, एकेक करून. अर्ज घेऊन आलेले लोक पायऱ्यांवर बसले. आतून मंडल अधिकारी बाहेर आले. हे नवीन होते, वरंगळकडचे, तरुण. आवाज बंद करायला आले असावेत, असं त्यांच्या चालण्यावरून वाटत होतं. दारात येऊन ते उभे राहिले. मग आत वळले, आणि स्वतः एक खुर्ची उचलून घेऊन आले.

"कूर्चोंडी," ते महिपतला तेलुगूत म्हणाले. "कूर्चोंडी पेद्दायना. बसा बाबा, बसून वाजवा."

महिपतने खुर्चीकडे पाहिलं. त्या ओसरीत अटेंडरला स्टूल असतं, तेही साहेब नसताना. तो बसला. बसल्यावर त्याला दम जास्त पुरतो असं दिसलं, कारण नंतर बराच वेळ वाजवणं संपलं नाही.

खुशाल खांबाला टेकून उभा होता. तो काय विचार करत होता हे मला ठाऊक नाही. एवढं दिसलं, की कोणी पाहतंय का याकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि ही त्या घरात नवी गोष्ट होती.

"कसं वाटलं?" बाजा थांबल्यावर त्याने सिकंदराबादच्या साहेबांना विचारलं.

"ये चाल ऐसी नहीं है," साहेब डोळे पुसत म्हणाले. "लेकिन पेल ने भी इसको कभी दो बार एक जैसा नहीं बजाया." आणि त्यांनी भाव सांगितला. एका नव्या कोऱ्या कॉर्नेटची किंमत होईल एवढा, कानातल्या भोकासकट.

"जुना हाय ना माह्याजवळ," महिपत म्हणाला. "नवा कायले पायजे?"

तसंही विकणं जमणारं नव्हतं. मंडल अधिकाऱ्यांनी कागद पाहिला, त्यावरचा दाखल क्रमांक पाहिला आणि दिलगिरी व्यक्त केली. एकदा दफ्तरी दाखल झालेलं असल देता येत नाही. अर्ज केलात तर नक्कल मिळेल. सिकंदराबादच्या साहेबांनीच समजूत घातली, की माझ्या घरात ऊन येतं, याहून चांगली जागा मी तरी कुठून देणार, आणि ते आपल्या तबकांसाठी निर्मलच्या बसमध्ये बसले.

पैज खुशाल हरला होता. कबुलीप्रमाणे त्याने गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं हा शिक्षकाच्या आवाक्यातला प्रकार नाही, म्हणून त्याने बाजू बदलली.

कमिटीची बैठक पुढच्या रविवारी विहारात झाली. अध्यक्ष यशवंतराव, कापूस खरेदीच्या कचेरीत हेडक्लार्क, सगळं ऐकून म्हणाले, "अमेरिकेच्या मानसानं लिहिलं म्हनून आपन मानाचं समजायचं काय? उद्या रशियावाला म्हनंल नाचा, तर नाचायचं?"

"अमेरिकेचं सोडा," खुशाल म्हणाला. "तो मानूस कोन होता? त्याच्या आज्याले बाजारात इकलं होतं. त्याच्या लोकायनं बाजा सोडला नाई, मालकाचा हुकूम तेवढा सोडला. आपन बाजा सोडला, आन् मानपान अजून दुसऱ्यायले इचारून ठरवतो."

"मंग काय, आपल्या पोरायनं पुन्यांदा गळ्यात डफडं घालायचं?"

यावर चांगलाच गलका झाला. बायकांच्या बाजूने जयवंताबाई उठली. ती बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून सगळे थांबले.

"मले यायचं वाजवनं काही आवडत नाई," ती म्हणाली. "पयल्यापासून नाई. पन तुमी जयंतीले जो भोंगा लावता ना, तो त्याच्याहून वंगाळ हाय."

बायका हसल्या. मग पुरुषही हसले, कारण भोंग्याचं कंत्राट ज्यांच्या मेव्हण्याकडे होतं ते यशवंतरावच आधी हसले.

"महिपतभाऊ, तुमी बोला," ते म्हणाले. "जयंतीच्या मिरवणुकीत वाजवता काय? कमिटीची हरकत नाई."

सगळ्यांना वाटलं, तो हो म्हणेल. खुशाललाही वाटलं. इतकी वर्षं याचसाठी तर भांडण होतं.

"नाई," महिपत म्हणाला.

"नाई? काऊन?"

"मी एकटा वाजवनार नाई. एक जन वाजवते आन् बाकीचे पाहून राह्यते, हेच तर जुनं होतं. तुमी शिका. मंग वाजवू."

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. ठराव करणं सोपं असतं, त्यात आपले गाल फुगवायचे नसतात. पहिला हात खुशालने वर केला, बापाकडे न बघता. मग पोस्टातल्या मोतीरामने, मग एलआयसीतल्या बाबारावांनी, मग आणखी तिघांनी. यशवंतरावांनी आपल्या दम्याचं कारण सांगितलं आणि झांजा मागून घेतल्या.

नवयुग बँडच्या मालकाने अडगळीतले चेपलेले बाजे दिले. रोज संध्याकाळी विहाराच्या मागे वर्ग भरू लागला. पहिला आठवडाभर कोणाच्याच बाजातून सूर निघाला नाही. बाबारावांच्या बाजातून वाफेच्या इंजिनासारखी हवा यायची, मोतीरामच्या बाजातून तीही नाही. शेजारच्या बयनाबाईने येऊन सांगितलं, की तिची म्हैस दूध देईनाशी झाली आहे. महिपतने म्हैस वर्गाला घेऊन ये, तिला आधी सूर सापडेल, असं उत्तर दिलं. पूर्वी तो कचेरीत असं बोलत नसे. शिष्य पदवीधर होते आणि वेतनश्रेणीत त्याच्या बऱ्याच वरचे होते. तो त्यांना लहान मुलांसारखं रागवायचा, आणि ते सांगितलं तसं पुन्हा फुंकायचे. खुशाल शनिवार-रविवारीच येई, त्यामुळे सगळ्यांत मागे होता. त्याला पहिला सूर लागला तेव्हा बापाने दुसऱ्याकडे वळण्याआधी जरा वेळ घेतला.

जयंती आली तोवर त्यांची एकच ओळ बसली होती. जयवंताबाई म्हणाली, मंग घरीच बसा. पण मिरवणूक विहारातून निघाली तेव्हा पुढे लाऊडस्पीकर नव्हता. आठ माणसं होती, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांत, आणि त्यांच्यात महिपत मधोमध, पुढे नाही. ती एक ओळ त्यांनी बसस्टँडपर्यंत वाजवली. ओळखीचे लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते, आणि पोस्टात आपल्याला तिकिटं देणारा माणूस हाच का, याची खात्री करून घेत होते. पुतळ्याला हार घालून, वंदना होऊन सगळे माघारी वळले. परतीला दुसरी ओळ येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती, आणि ती आलीही नाही. त्यांनी पहिलीच वाजवली, जरा जोरात.